संडासाच्या किल्लीचे लाकूड

मी एक जुने लाकूड आहे. तळहाताएवढे रुंद, मनगटापासून कोपरापर्यंत लांब, एका टोकाला भोक पडलेले. मित्रांनो, वरचे शीर्षक वाचून ज्यांनी नाक मुरडले असेल त्यांनी खुशाल पान उलटावे. नाक मुरडणाऱ्यांचा मला वीट आला आहे. पाव कुठून येतो हे लोक कौतुकाने विचारतात. खाल्लेला पाव पुढे कुठे जातो असा विषय निघाला की रुमाल शोधतात. मी ही दोन्ही टोके पाहिली आहेत. म्हणून आज बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही.

मी मुळात एका बेकरीतले फावडे होते. पाव भट्टीत सरकवायचे आणि भाजले की बाहेर ओढायचे, लांब दांड्याचे लाकडी फावडे. सुताराने मला रंधा मारून इतके गुळगुळीत केले होते की कणीक माझ्यावर चिकटायला धजत नसे. भट्टीवाला तेव्हा तरणाबांड होता. तो मला पिठाचा हात लावून जाळासमोर धरी आणि म्हणे, "चल बाळा, आत जाऊन ये." मी आगीच्या तोंडात जाऊन परत येई, ते पाठीवर सोनेरी पाव घेऊन. लोक दारात थांबून पाहत. ते माझे चांगले दिवस.

मग एका हिवाळ्यात मला उभी चीर गेली. नवे फावडे आले, ते पत्र्याचे. मला कोपऱ्यात पिठाच्या पोत्यांमागे उभे केले आणि विसरून गेले. विसरले होते तेच बरे होते.

ही बेकरी दोन भावांची. दोघे भाऊ पहाटेच माल घेऊन टेम्पोने निघत आणि दिवसभर गावभर फिरत. वाटेत लागली तर कुठेही थांबत, त्यामुळे मी पुढे सांगणार आहे ती अडचण त्यांना कधी कळलीच नाही. बेकरी चालवत होत्या त्यांच्या बायका. थोरली जाऊ गल्ल्यावर बसे. कामगार तिला 'बाई' म्हणत. धाकटी मागे पॅकिंगच्या टेबलावर पाव मोजून पिशव्यांत भरी. दोघींच्या मधे एक पडदा, आणि त्या पडद्याहून जाड काहीतरी आणखी होते.

मागच्या अंगणात एकच संडास. रस्त्यावरचे कोणीही येऊन घाण करून जात, म्हणून थोरलीने दाराला बाहेरून मोठे पितळी कुलूप घातले. इथवर तिचे चूक नव्हते. पण किल्ली सारखी हरवू लागली. आज हिच्या खिशातून तिच्या घरी, उद्या त्याच्या. मग थोरलीची नजर माझ्यावर पडली. तिने माझा न चिरलेला अर्धा भाग कापून घेतला, भोक पाडले, साखळी ओवली, किल्ली अडकवली आणि मला लाल रंग फासला. "आता नेऊन दाखवा खिशात घालून," ती म्हणाली. स्वतःच्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की दिवसभर हसत होती.

मित्रांनो, तिची युक्ती नीट समजून घ्या. मी गल्ल्याखालच्या खणात राही. ज्याला जायचे असेल त्याने मागून पुढे दुकानात यायचे, गिऱ्हाइकांच्या देखत थोरलीकडे किल्ली मागायची, हातभर लाल लाकूड घेऊन सगळ्यांसमोरून मागे जायचे, आणि तसेच परत आणून द्यायचे. अंगणात जाणारा तो माणूस चाललाय कुठे, हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळे. बाहेरचे कुलूप नवे कोरे, आणि आतली कडी मात्र कित्येक वर्षे मोडलेली. आत बसलेल्याने एका हाताने दार ओढून धरायचे आणि पावलांचा आवाज आला की खोकायचे. अशा जागी पोट मोकळे होते का, हे तुम्हीच सांगा.

माझा तिरस्कार सगळेच करत. मीही त्यांचा करू लागले. जे लाकूड आगीत जाऊन अन्न घेऊन येत असे, त्याला दोन बोटांच्या चिमटीत धरतात, हे मला सहन होत नव्हते. पण सगळ्यांत जास्त राग मला थोरलीच्या तोंडाचा येई.

"आलीस परत?" ती धाकटीला म्हणे. "सकाळीच गेली होतीस ना?"

"सकाळी झालं नाही, जाऊबाई."

"झालं नाही म्हणजे? जागा आवडली नाही का? पडदे लावून देऊ?" मग गिऱ्हाइकाकडे वळून, "अर्धा किलो ना तुम्हाला?"

गिऱ्हाईक हसे. धाकटी कानापर्यंत लाल होई, माझ्याच रंगाची. हळूहळू तिने मागायचेच सोडले.

आता तिच्या खाण्याचे ऐका. बेकरीतला पाव मैद्याचा. दळून आणलेले गव्हाचे पीठ बारीक चाळले जाई. चाळणीवर उरलेला कोंडा पोत्यांत भरून गुरांच्या गोठ्याला विकला जाई, आणि त्या गोठ्यातली जनावरे तुकतुकीत होती. माणसे मात्र उरलेसुरले पांढरे तुकडे चहात बुडवून खात. पावाचा चुरा, टोस्टचे कोपरे, मोडकी बिस्किटे, आणि वर पुन्हा चहा. भाजी घरी रात्री, तीही चमचाभर. फुकटचे मिळते तर दुसरे काय घ्यायचे, हा हिशेब. गुरांना कोंडा आणि माणसांना मैदा! अशी वाटणी करणारी शहाणी माणसे मी दुसरीकडे पाहिली नाहीत, अर्थात मी दुसरीकडे कुठे गेलेच नाही.

धाकटीने त्यात आपली अक्कल मिसळली. पाणी कमी प्यायचे, म्हणजे जावे लागणार नाही. सकाळी काही खायचे नाही, म्हणजे पोट हलणार नाही. आणि हललेच तर मांडी घट्ट दाबून पाव मोजत राहायचे. तिला वाटले, आपण पोटाला वळण लावले. पोटाला वळण लागलेच, पण कसले? ते हाक मारायचेच विसरले. नेम चुकला तर देव समजून घेतो म्हणतात. पोट मात्र समजून घेत नाही. त्याची वेळ रोज मोडली की ते रुसते, आणि त्याचा रुसवा काढायला नुसते हात जोडून भागत नाही.

चार-चार दिवसांनी ती मला घेऊन आत जाई. मला खिळ्याला टांगायचे सोडून मुठीत आवळून धरी. तिच्या नखांच्या खुणा माझ्या अंगावर अजून आहेत. घाम, कुंथणे, डोळ्यांत पाणी. आणि एका दिवशी तिने खाली पाहिले. रक्त होते. लालभडक.

तिने ते धुऊन टाकले. हात धुतले, मला धुतले, डोळे पुसले. आपल्याला काहीतरी महाभयंकर झाले आहे, असे तिने मनाशी धरले. पण सांगणार कोणाला? नवऱ्याला लाज म्हणून नाही, आणि थोरलीला सांगणे म्हणजे भर दुकानात दवंडी. तिने आणखी कमी खायला सुरुवात केली. भट्टीवाला एकदा म्हणाला, "धाकट्या वहिनी, भट्टीसमोर मी उभा असतो आणि वाळत तुम्ही चाललाय."

"उपास चाललाय," ती म्हणाली.

मला त्या शब्दाचा राग आला. देवासाठी केलेला उपास मी ओळखते. त्यात तोंडावर शांती असते. हिच्या तोंडावर नुसती भीती होती.

खणातल्या माझ्या शेजाऱ्याबद्दलही सांगायला हवे. तो एक पत्र्याचा चपटा डबा. त्यात पोट साफ करायचे चूर्ण. गिऱ्हाईक नसले की थोरली खण उघडे, मला ढकलून डबा काढी, चमचाभर पूड घाईघाईने तोंडात टाकी आणि पाण्याचा घोट घेई. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज, मग चमचा भरून वर शीग. कारण मित्रांनो, तीसुद्धा दिवसभर त्या दारात जात नव्हती. मालकीण असून गिऱ्हाइकांसमोरून लाल लाकूड मिरवत कशी जाणार? दुसऱ्यांसाठी खणलेल्या चरात ती स्वतःच गुडघाभर उभी होती. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही.

मग तो दिवस आला. कणीक मळायचे नवे यंत्र पाहायला थोरली सकाळीच बाहेर पडली. जाताना सवयीने खणाला कुलूप लावले आणि त्याची किल्ली पर्समध्ये टाकून निघून गेली. मी आत, अंधारात, डब्याच्या शेजारी.

त्याच सकाळी धाकटीने कोणाचे तरी ऐकून कोमट पाणी प्यायले होते आणि एक पेरू खाल्ला होता. कितीतरी दिवसांनी पोटाने तिला आपण होऊन हाक मारली. ती धावत पुढे आली. मी खण हलताना ऐकला. एकदा, दोनदा.

"खण उघडत नाही," ती म्हणाली.

"किल्ली बाईंच्या पर्समधे," भट्टीवाल्याचा आवाज आला. "शेजारी विचारू का कुठे?"

"नको नको. कोणाला विचारू नका. येतीलच त्या."

थोरली दुपारपर्यंत आली नाही. तोवर पोटाने हाक मारून मारून हात टेकले होते आणि नुसता पीळ उरला होता. मला पिशव्या खाली पडल्याचा आवाज आला, मग त्याहून जड काहीतरी पडल्याचा. भट्टीवाला ओरडला. त्या वेळी दुकानात पाव घ्यायला समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या सरळ पडदा सारून मागे गेल्या.

थोरली परतली तेव्हा धाकटी पोत्याला टेकून बसली होती आणि डॉक्टरीणबाई तिची नाडी धरून होत्या.

"हिला आधी संडासात जायचंय," त्या म्हणाल्या. "उघडा."

"एवढंच ना? मला वाटलं काय झालं!"

"एवढंच. उघडा."

थोरलीने घाईत खण ओढला. मी बाहेर आले, आणि माझ्या साखळीत अडकून डबाही आला. झाकण उडाले. तपकिरी पूड गल्ल्यावर, पावांवर, थोरलीच्या मांडीवर. दुकानात ओळखीचा वास पसरला. रांगेतल्या एका आजोबांनी वास घेतला आणि मोठ्या आपुलकीने म्हणाले, "कुठलं वापरता? मला याने काही होत नाही हल्ली."

कोणी हसले नाही. थोरलीने डब्यावर झडप घातली. तेवढ्यात धाकटीने मला उचलले आणि भिंत धरत अंगणात गेली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मैद्यासारखा झाला होता. डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहून ती पहिल्यांदा बोलली. "रक्त जातंय. खूप दिवस. मी मरणार आहे का?"

त्या तिला धरून रस्ता ओलांडून दवाखान्यात घेऊन गेल्या. मी अजून तिच्या मुठीतच होते. सोडायचे तिला सुचलेच नाही. आणि मागून थोरली पळत आली. जावेची काळजी म्हणून नव्हे.

"अगं, किल्ली घेऊन कुठे चाललीस? बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीचे करतायत तेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाबून धरतील. या, तुम्हीही बसा."

पडद्याआड तपासणी झाली. मग डॉक्टरीणबाईंनी धाकटीला सांगितले, की कडक शौचाने आत चीर पडली आहे. जुनी आहे, दुखते, पण मरणाची नाही. औषधाने आणि वळणाने बरी होईल. "पण रक्त दिसलं त्याच दिवशी यायला हवं होतं. रक्त कशाचं आहे हे आपल्या मनाने ठरवायचं नसतं. बरं वाटलं नाही तर पुढची तपासणी करावी लागेल." धाकटी रडू लागली. इतक्या दिवसांची भीती होती, ती अशी सहज थोडीच उतरणार!

मग डॉक्टरीणबाई थोरलीकडे वळल्या. "पाव भट्टीत विसरला तर काय होतं हो?"

"काय होणार? टोस्ट होतो."

"आणि आणखी विसरला तर?"

"दगड."

"आतड्यात तेच होतं. खाल्लेल्यातलं पाणी आतडं शोषत राहतं. जितका वेळ आत, तितकं कोरडं. हिला जेव्हा जायचं होतं तेव्हा तुमचं कुलूप. त्यात खाणं मैद्याचं, पाणी नाही, भाजी नाही. पोटाने करायचं काय?"

"माझ्या कुलपाने काय केलं? ज्याने मागितली त्याला किल्ली दिली आहे मी."

"कशी दिली तेही मी पाव घेताना ऐकलंय."

थोरलीची मान ताठच होती. "दुकान चालवायचं तर नियम लागतात, मॅडम. एकीच्या पोटासाठी मी नियम मोडू?"

"दोघींच्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते चूर्ण रोज घेता ना? वाढवत वाढवत? असं मनाने घेत राहिलं की पोट मग ढकलल्याशिवाय हलतच नाही. उद्या तुम्हीही या तपासायला."

धाकटीने डोळे पुसले, मला टेबलावर ठेवले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "जाऊबाई, ते कुलूप निघालं तर मी उद्या पिशव्या भरीन. नाही निघालं तर तुम्ही भरा."

"धमकी देतेस?"

"हो."

त्या एका अक्षरासाठी मी तिला तिच्या नखांच्या सगळ्या खुणा माफ केल्या.

दुसऱ्या सकाळी पाव भट्टीतून निघाले आणि टेबलावर ढीग होऊन पडले. बाहेर टेम्पो हॉर्न देत होता. धाकटी टेबलाशी हाताची घडी घालून उभी होती. थोरलीने स्वतः दोन पिशव्या भरून पाहिल्या. एकीत पाव जास्त गेले, दुसरी फाटली. धाकटा भाऊ आत डोकावला. "काय चाललंय? गिऱ्हाइकं ओरडतायत!"

"बायकोला विचारा!" थोरली म्हणाली.

धाकटीने विचारायची वाट पाहिली नाही. रक्तापासून खणापर्यंत सगळे तिने त्याला तिथेच सांगितले. तो तोंड उघडे टाकून ऐकत राहिला. "मला काहीच माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत असेल?" भट्टीवाला म्हणाला. "तुम्हाला रस्ताभर झाडं आहेत."

थोरलीने एकदा सगळ्यांकडे पाहिले. मग खणातून मला काढून तरातरा अंगणात गेली, कुलूप काढले, आणि माझ्यासकट भट्टीशेजारच्या लाकडांच्या ढिगावर आपटले. "घ्या! जाळा हे! मला डोळ्यांसमोर नको!" तिने माफी मागितली नाही. नंतरही कधी मागितली नाही. मी वाट पाहत नाही.

जळणाच्या ढिगात पडून मी भट्टीकडे पाहत होते. ज्या आगीतून मी रोज परत येत असे तिच्यातून या वेळी परतणार नव्हते. भट्टीवाल्याने मला उचलले. झोकणार, इतक्यात त्याचा अंगठा माझ्या कडेवर थांबला. त्याने खिळ्याने लाल रंग खरवडला. खाली ती गुळगुळीत, तुपासारखी पिवळी पाठ निघाली.

"अरे," तो म्हणाला, "हे तर माझं फावडं!"

त्या दुपारी त्याने मोडकी कडी उपटून टाकली आणि माझ्या त्याच भोकातून एक जाड स्क्रू घालून मला संडासाच्या दाराला आतून बसवले. मी आता खिटी आहे. आडवी फिरवली की दार बंद, उभी केली की उघडे. फिरवायचे आत बसलेल्याने. बाहेरून कोणी कितीही मोठा असला, तरी मी त्याचे ऐकत नाही. रस्त्यावरचे येऊ नयेत म्हणून अंगणाच्या फाटकाला कडी लावली. तेवढे पुरले. आधीही पुरले असते.

धाकटी लगेच बरी झाली असे समजू नका. कित्येक आठवडे तिचे औषध चालले होते. ती सकाळी काहीतरी खाऊन, पाणी पिऊन येते आणि खाल्ल्यावर थोड्या वेळाने, हाक येताच, हातातले पाव तसेच ठेवून उठते. बसते, घाई करत नाही, उगाच कुंथत नाही, फोन घेऊन रेंगाळतही नाही. डब्यात डाळ, पालेभाजी, काकडी, एखादे फळ. कोंड्याची काही पोती आता गोठ्याला जात नाहीत. भट्टीवाला कोंड्याचा पाव करतो. जनावरांचा वाटा थोडा कमी झाला, त्यांनी तक्रार केली नाही. सुरुवातीला कोंडा एकदम जास्त खाऊन एकदोघांचे पोट फुगले, कारण पाणी वाढवायचे राहिले होते. माणसे एक शहाणपण शिकताना दुसरा वेडेपणा केल्याशिवाय राहत नाहीत. रक्त मात्र थांबले. मी रोज पाहते, म्हणून सांगते.

आणि थोरली? ती डॉक्टरीणबाईंकडे गेली, पण कोणाला न सांगता. एका सकाळी गल्ल्यासमोर रांग होती. मी दारावर होते, आवाज पडद्याआडून आला.

"धाकटे, जरा गल्ल्यावर बस गं."

"का? काय झालं, जाऊबाई?"

रांगेत कोणीतरी खाकरले.

"मला जायचंय," थोरली म्हणाली. सगळ्यांसमोर.

धाकटीच्या ओठांवर तेव्हा काय आले असेल ते मला ठाऊक आहे. पडदे लावून देऊ का, हे चारच शब्द. ती म्हणाली, "जा. मी आहे."

थोरली आत आली. तिने मला पाहिले. रंग उडाला असला तरी तिने ओळखले. क्षणभर हात मागे घेतला. मग मला धरून आडवे फिरवले.

मित्रांनो, आता तुमच्याबद्दल. तुम्हीही शाळेत दाबून धरता. बाई रागावतील, मुले हसतील, घरी जाऊन बघू, असे म्हणता. डब्यातली भाजी तशीच परत नेता आणि पुड्यातले कुरकुरीत काहीबाही संपवता. करा. पण पोटाचा नेम हा दिवसातला पहिला नेम आहे. तो मोडून केलेल्या बाकीच्या नेमांना अर्थ नाही. आणि तुमच्यातला कोणी उद्या मोठा होऊन एखाद्या दुकानाचा, शाळेचा, कारखान्याचा मालक झाला, तर त्याने एवढे लक्षात ठेवावे, की दाराला कडी लावायची ती आतून. त्या दिवशी थोरली आत असताना बाहेरून कोणीतरी दार वाजवले, ढकलले, पुन्हा ढकलले. मला ती अजूनही आवडत नाही. पण मी हलले नाही.